दुकानाचा जुना बोर्ड टी-शर्टवर हवाय, घरी इस्त्रीने विंटेज लूक कसा आणायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: साताऱ्यात तुमच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद झालं, पण पेंटरने हाताने रंगवलेला पत्र्याचा बोर्ड घरी आहे. वडिलांच्या ७०व्या वाढदिवसाला घरातल्या ५ जणांसाठी त्या बोर्डाचे टी-शर्ट करायचेत, वर्षानुवर्षं वापरून मऊ झाल्यासारखे. हाताशी साधी इस्त्री आणि घरचा इंकजेट प्रिंटर. ट्रान्सफर पेपर, म्हणजे छापलेलं चित्र इस्त्रीने कपड्यावर उतरवायचा कागद, आणून दोन करून पाहिले. मरूनवर चित्र दिसेनासं झालं, पांढऱ्यावरचं प्लॅस्टिक चिकटवल्यासारखं चमकलं आणि दुसऱ्या धुण्यात त्याचे कोपरे सुटले.

मी सांगलीची. नोकरी सांभाळून चार वर्षं घरी टी-शर्ट करते आहे, तुमच्या दोन्ही अडचणी मला आलेल्या आहेत.

मरूनचं आधी सांगते. घरच्या इंकजेट प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. छापलेल्या कागदावर जे पांढरं दिसतं तो नुसता कागद असतो. तुम्ही आणलेला पेपर ‘लाइट’ म्हणजे फिक्या कपड्यांसाठीचा दिसतोय. त्यावरचा थर पारदर्शक असतो, त्यामुळे शाईच्या मागे मरून कापड तसंच दिसतं, निळा त्यात बुडतो आणि पिवळा मातकट होतो. गडद कपड्यासाठी ‘डार्क’ पेपर वेगळा मिळतो, त्याचा थरच पांढरा असतो. लाइटवर चित्र उलटं छापून पालथं ठेवायचं, डार्कवर सुलटं छापून मागचा कागद सोलायचा आणि चित्र वर ठेवून बटर पेपरखाली दाबायचं. पाकिटावर हे लिहिलेलं असतं, पण इतक्या बारीक अक्षरात की माझ्याही नजरेतून सुटलं होतं.

पांढऱ्यावरची चमक त्या पारदर्शक थराची. तो थर पूर्ण कागदभर असतो. जिथे शाई नाही तिथेही तो कापडावर उतरतो आणि उजेडात चौकोन दिसतो. कोपरे सुटण्याची कारणं मात्र तीन-चार असतात, त्यावर पुढे येते.

त्याआधी बोर्डाबद्दल, कारण माझ्या मते विंटेज लूकचं निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं.

माझे वडील सांगलीत एका छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, उचलून ओळी जुळवायचे, ट्रेडलच्या छापयंत्रावर हँडबिलं निघायची. कुस्तीच्या मैदानांची गुलाबी-पिवळ्या पातळ कागदावरची हँडबिलं त्यांनी ट्रंकेत जपली होती. २०१९च्या ऑगस्टच्या पुरात ती ट्रंक भिजली, त्यातून एक हँडबिल जेमतेम वाचलं. त्याचाच मी पहिला टी-शर्ट केला. केला म्हणजे काय, फोटो काढला, पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ कॉम्प्युटरवर पुसली, अक्षरं स्वच्छ केली आणि मग इंटरनेटवर मिळालेला तयार ‘जुनाट’ पोत, तडे आणि ओरखडे, त्यावर चढवला. वडिलांनी टी-शर्ट हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “कागदाला असे तडे जात नाहीत गं.”

तेव्हा मला हे काम खऱ्या अर्थाने कळलं. प्रत्येक वस्तू आपापल्या रीतीने जुनी होते. हँडबिलाला तडे जात नाहीत, त्यात शाई कमी-जास्त बसलेली असते. मोठ्या लाकडी खिळ्यांच्या पोटात शाई विरळ आणि कडेला गडद, झिजलेल्या खिळ्याचा कोपरा उडालेला, दोन रंग असतील तर दुसरा थोडा सरकलेला. रबरासारख्या जाड शाईच्या स्क्रीन प्रिंटला तडे जातात. आणि पत्र्यावरचा ऑइलपेंट? तो आधी खडूसारखा होतो, मग पापुद्रे निघतात, खिळे मारलेल्या भोकांभोवती आणि खालच्या कडेला गंज फुटतो. तुमचा बोर्ड असाच जुना झाला असणार. टी-शर्टवर तेच म्हातारपण यायला हवं. बाजारातला तयार पोत लावलात तर तुमच्या वडिलांनाही तो परका वाटेल, कारण तो बोर्ड रोज सकाळी त्यांनी पुसलेला आहे.

मी मग ते हँडबिल पुन्हा घेतलं, पुराची रेघसुद्धा तशीच ठेवली. वडील तो टी-शर्ट अजून घालतात.

तर बोर्डाचा फोटो नीट काढा. ओल्या फडक्याने धूळ अलगद टिपा, घासू नका, सैल झालेले पापुद्रे सुटतील. ऊन नको, ऑइलपेंट चमकतो. ढगाळ दिवस किंवा सकाळची सावली उत्तम. बोर्ड भिंतीला टेकवून मोबाइल त्याच्या बरोबर समोर, मधोमध धरा आणि दोन पावलं मागे जाऊन थोडं झूम करा, म्हणजे कडा वाकड्या येत नाहीत. ए४ आकाराला ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, साधारण २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात, आताचा कुठलाही बरा मोबाइल ते देतो. फक्त फोटो व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने पाठवू नका, तिथे तो दाबला जातो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आता तुमच्या मरून टी-शर्टबद्दल. तो फेकू नका, तुमच्या कामाला तोच रंग सगळ्यात योग्य आहे. पापुद्रा निघाला की पत्र्यावर खाली गंज दिसतो, आणि गंज मरून-तपकिरीच असतो. म्हणून फाइलमध्ये जिथे जिथे रंग उडालाय आणि गंज दिसतोय तिथे काहीच छापायचं नाही, ती जागा पूर्ण मोकळी ठेवायची. तिथून टी-शर्टचं कापड दिसेल आणि तेच गंजाचं काम करेल. असं केल्याने आणखी एक मोठा फायदा होतो. छाप सलग राहत नाही, जागोजागी भोकं पडतात, हवा खेळते, कापड वाकतं आणि हाताला ते मऊ लागतं. जुन्या टी-शर्टचा जो मऊपणा तुम्हाला हवाय तो बराचसा या मोकळ्या जागांमुळेच येतो.

हे करायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. गिंप फुकट आहे, फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं. फोटोची एक प्रत घ्या, ती काळी-पांढरी करा आणि थ्रेशोल्डची, म्हणजे किती गडद ते काळं धरायचं हे ठरवणारी, पट्टी सरकवत जा, जोवर गंजाचे भाग काळे आणि शाबूत रंग पांढरा असा स्पष्ट फरक होत नाही. बोर्डाची जमीन गडद निळी असेल तर ती गंजाबरोबर काळी होऊन बसेल. अशा वेळी रंगाने निवड करणारं साधन वापरून गंजाचा रंग वेगळा पकडा. मिळालेलं चित्र मूळ फोटोला लेअर मास्क म्हणून, म्हणजे नको तो भाग झाकणारा थर म्हणून, लावलं की काळ्या जागा गळून पडतात. अंगठ्याने डाग पुसावा तसं मास्कवर ब्रशने थोडं इकडे-तिकडे करता येतं. दुकानाचं नाव आणि गावाचं नाव वाचता यायला हवं, बाकी गेलं तरी चालेल.

रंगांच्या बाबतीत हात आखडता ठेवा. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा जुन्या बोर्डावर उरलेलाच नसतो. काळ्याच्या जागी कोळशासारखा राखी, पांढऱ्याच्या जागी सायीसारखा पिवळसर घ्या. रंगांची तीव्रता एक चतुर्थांशाने उतरवली की बहुतेक वेळा पुरतं. आणि बोर्डावर एखाद्या सायकल कंपनीचं चिन्ह असेल तर, पुढे टी-शर्ट विकायचा विचार मनात आला, तर ते वगळा, तो त्यांचा ट्रेडमार्क असतो.

आता छापायचं कशाने? इथे माझं मत ठाम आहे. मरूनवर असं भोकाभोकांचं चित्र डार्क पेपरने जमत नाही. तो थर पांढरा असतो, मोकळ्या जागाही पांढऱ्या दिसतील आणि शेकडो पापुद्रे कात्रीने कापणं कुणालाच शक्य नाही. तिथे मरून रंग छापून कापडाशी जुळवू म्हटलं तर तो कधीच जुळत नाही. त्यासाठी डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) करून घ्या. यात एका फिल्मवर आधी रंगीत आणि त्यावर पांढरी शाई छापतात, ओल्या शाईवर गोंदाची पूड टाकून ती वितळवतात. जिथे शाई नाही तिथे पूड राहत नाही, म्हणून भोकं खरोखरची भोकं राहतात. फिल्म छापून घ्यायची आणि घरी इस्त्रीने लावायची. डीटीएफ छापणारे आता आपल्या जिल्ह्यांत आहेत, इचलकरंजी-कोल्हापूरकडे तर सहज मिळतात, आणि फाइल पाठवली की कुरिअरने फिल्म येते. तुमच्या ५ टी-शर्टची चित्रं एकाच फिल्मवर शेजारी शेजारी बसवून घ्या, स्वस्त पडतं.

फाइल देताना दोन गोष्टी सांभाळा. पार्श्वभूमी खरोखर पारदर्शक असलेली पीएनजी द्या. आणि मास्कच्या कडा कडक ठेवा, म्हणजे ठिपका एकतर पूर्ण आहे किंवा अजिबात नाही. अर्धपारदर्शक धुरकट कडा असतील तर खालची पांढरी शाई डोकावते आणि अक्षरांभोवती पांढरट झाक दिसते. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक ठिपके मी काढून टाकते, त्यांना गोंद पुरत नाही, पहिल्या धुण्यात जातात.

सगळं घरच्या प्रिंटरवरच करायची इच्छा असेल तर मोतिया किंवा फिकट राखाडी सुती टी-शर्ट घ्या आणि उरलेला लाइट पेपर वापरा. तिथे भोकांऐवजी गंजही छापावा लागेल, आणि पारदर्शक थर दिसू नये म्हणून बोर्डाच्या कडेला लागून कापावं लागेल. टँक प्रिंटरपैकी काहींत काळी शाई पिगमेंट (बारीक रंगकणांची) आणि रंगीत शाई डाय (विरघळलेल्या रंगाची) असते. डाय पाण्यात जास्त फिकी पडते, तुम्हाला जुनं दिसायलाच हवं असल्याने ते चालून जाईल. मात्र इंकजेटचा ट्रान्सफर पेपर झेरॉक्सच्या दुकानात लेझर मशीनमध्ये टाकायला देऊ नका. लेझरमध्ये कागद तापलेल्या रोलरखालून जातो, थर आतच वितळतो आणि त्या बिचाऱ्या दुकानदाराचं मशीन खराब होतं.

सब्लिमेशनचा, म्हणजे उष्णतेने शाई धाग्यात मुरवायच्या पद्धतीचा, सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ती शाई फक्त पॉलिस्टरमध्ये मुरते, सुतीवर टिकत नाही, आणि गडद रंगावर तिचा उपयोग नाही.

आता इस्त्री. बरेच जण विंटेज दिसावं म्हणून मुद्दाम कमी दाबतात, अर्धवट चिकटलं की तडे जातील अशा आशेने. तसं करू नका. अर्धवट चिकटलेलं जुनं दिसत नाही, कडेकडेने सोलून निघतं आणि एके दिवशी सबंध पापुद्रा हातात येतो. जुनेपणा सगळा फाइलमध्ये आणा, दाब अगदी पक्का द्या.

टी-शर्ट आधी एकदा धुऊन वाळवा, कम्फर्टसारखं काही न घालता. नव्या सुती कापडावर खळ असते आणि ते पहिल्या धुण्यात आटतं. छापल्यावर आटलं तर चित्राभोवती चुण्या पडतात. दाबायच्या जागी आधी १० सेकंद नुसती इस्त्री फिरवा, ओल निघून जाते. साताऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये तर हे दोनदा करा, कपाटातलं कोरडं कापडसुद्धा दमट असतं.

इस्त्रीच्या गादीवर काम करू नका, मऊ पृष्ठभागावर दाब विरून जातो. स्वयंपाकाच्या ओट्यावरही नको. मी सुरुवातीला कडप्प्यावर करायचे, दगड उष्णता ओढून घ्यायचा आणि वरून तापलेलं असूनही खालून चिकटायचं नाही. जाड प्लायवूड किंवा लाकडी पाट, त्यावर एक पातळ सुती चादर एकाच घडीची, एवढं पुरे. त्याची उंची कमरेच्या खाली असू द्या, म्हणजे दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकता येतो. तुमच्याकडे जमिनीवर पाट ठेवून गुडघ्यावर बसून करायची सोय असेल तर सर्वांत उत्तम.

इस्त्रीतलं पाणी काढून टाका, वाफ पूर्ण बंद. इस्त्रीवर ठिपके असतात, दोन ठिपके म्हणजे सुमारे १५० अंश आणि तीन म्हणजे सुमारे २००. डीटीएफला साधारण १५० ते १६० अंश लागतात, म्हणून दोन ठिपक्यांच्या किंचित पुढे. दिवा विझेपर्यंत थांबा आणि मगच लावा. लाइट पेपरला बहुधा तीन ठिपके लागतात, त्याच्या पाकिटावरचं माना.

आणि इस्त्री फिरवू नका. आपल्याला सवय असते कपड्यावरून सरकवायची, पण तेच कोपरे सुटण्याचं मोठं कारण आहे. एका जागी ठेवा, भार टाका, १५ ते २० सेकंद मोजा, उचला, शेजारी थोडी आधीच्या जागेवर चढवून ठेवा. वाफेच्या भोकांखाली उष्णता पोचत नाही, म्हणून दुसऱ्या फेरीत इस्त्री थोडी सरकवून तीच जागा पुन्हा दाबा. कडा आणि कोपरे सगळ्यात शेवटी, इस्त्रीच्या मधल्या भागाने. टोकाने नको, तिथे ताप कमी असतो. लाइट पेपरवर करत असाल तर चौकोनाचे कोपरे कात्रीने गोल करून घ्या, टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचलतो. तुमच्या पांढऱ्या टी-शर्टचं तेच झालं असावं.

फिल्म गरम असताना सोलायची की गार झाल्यावर, हे छापणाऱ्याला विचारून घ्या, दोन्ही प्रकार येतात. गार सोलायची असेल तर खरोखर गार होऊ द्या, तळहात ठेवून बघा. सोलताना छाप फिल्मबरोबर उचलली जात असेल तर थांबा, फिल्म परत बसवा आणि पुन्हा दाबा.

यानंतरची पायरी बहुतेकांना माहीत नसते आणि प्लॅस्टिकची चमक तिनेच जाते. फिल्म सोलल्यावर त्यावर जुनं, धुऊन धुऊन पातळ झालेलं सुती कापड ठेवा, आजीच्या लुगड्याचा तुकडा किंवा जुनं धोतर, आणि पुन्हा १०–१५ सेकंद भार देऊन दाबा. शाई कापडाच्या विणीत आणखी बसते, वरच्या कापडाची वीण तिच्यावर उमटते आणि पृष्ठभाग मंद होतो. कापड गार झाल्यावरच उचला. लाइट पेपरवर मात्र सुती कापड चिकटू शकतं, तिथे बेकिंगचा बटर पेपर वापरा. मेण लावलेला नको, मेण वितळून डाग पडतो.

एवढं करून अजून झिजल्यासारखं हवं असेल तर २४ तास थांबून २२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने दोन-तीनदाच फिरवा, जिथे खरा बोर्ड झिजला असेल तिथेच. बोर्डाची खालची कड बघा, पावसाचं पाणी तिथे थांबतं, आधी तीच जाते. घासून झालं की लुगड्याचा तुकडा ठेवून शेवटचं एकदा दाबा, मोकळ्या झालेल्या कडा बसतात.

मोतिया टी-शर्ट घेतलात आणि तो आणखी जुना दिसायला हवा असेल तर चहाचं पाणी चालतं. २ लिटर पाण्यात ८–१० चमचे चहापूड उकळून गाळा, टी-शर्ट आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवा, नाहीतर डाग पडतात, आणि मग अर्धा तास त्यात हलवत ठेवा. वाळल्यावर रंग ओल्यापेक्षा बराच फिका होतो. हे छापण्याआधी करायचं. आमच्या सांगलीत कुणीही हळद सुचवतं, हळदीच्या पेठेचं गाव आमचं. पण कपड्याला हळद लावू नका. साबण लागला की ती लाल होते आणि उन्हात उडून जाते.

पहिलं धुणं २४ तासांनंतर, टी-शर्ट उलटा करून, गार पाण्यात. छापलेल्या भागावर ब्रश नाही, दगडावर धोपटणं नाही, सावलीत वाळवायचं आणि इस्त्री आतल्या बाजूने. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, विशेषतः धुणं ज्यांच्या हातात असतं त्यांना.

वेळ कमी असेल किंवा चित्र ए४हून मोठं असेल तर फिल्म घेऊन कबड्डी-क्रिकेटच्या जर्सीवर नंबर टाकणाऱ्या दुकानात जा. त्यांच्याकडे हीटप्रेस, म्हणजे गरम पाट्याने दाबणारं यंत्र, असतो आणि थोड्या पैशांत ते दाबून देतात. इस्त्रीपेक्षा दाब सारखा बसतो, यात कमीपणा काहीच नाही. पण छातीवर वीतभर रुंदीचं चित्र असेल तर घरची इस्त्री पुरते.

फिल्म मागवताना एक चित्र जास्तीचं छापून घ्या आणि ते जुन्या बनियनवर लावून दोनदा धुऊन बघा. वडिलांचा टी-शर्ट सगळ्यात शेवटी करा, तोपर्यंत तुमचा हात बसलेला असेल. आणि फाइल पक्की करण्याआधी बोर्ड त्यांच्यासमोर ठेवून विचारा की रंग मुळात कसा होता, कारण कोपऱ्यातल्या खिळ्याच्या टोपीखाली मूळ रंगाचा एखादा ठिपका शिल्लक असतो आणि तो नेमका कुठे आहे ते त्यांनाच ठाऊक असेल.